पुस्तकचोराच्या हातातला साप

ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ओठांवर ठेवलेलं बोट येतं. प्रत्यक्षात आमची जमात भरपूर हसते, फक्त ते हसणं काउंटरच्या मागे चालतं. चंदीगडमध्ये ग्रंथालयात नोकरी करताना माझ्या फोनमध्ये आमच्या लोकांचे चार गट जमा झाले: एक हिंदी-पंजाबी मिसळीचा, एक इंग्रजी आणि दोन मराठी. भाषा वेगळ्या, विनोद मात्र तेच. ‘ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक द्या, लेखक आठवत नाही, पण मागच्या वर्षी याच कपाटात होतं,’ असं म्हणणारा वाचक चारही गटांत भेटतो. परत आलेल्या पुस्तकांत खूण म्हणून काय काय सापडलं याच्या याद्या असतात: बसचं तिकीट, पिंपळाचं वाळकं पान, विजेचं बिल, लग्नाची अक्षत आणि एकदा चक्क भाजलेला पापड. मधूनच कोणी आपली आवड उघड करतो. कोणाला जुन्या पुठ्ठ्यांवरचे शिक्के जमवायचे असतात, कोणाला वाळवीच्या जाती पाठ असतात, कोणी पावसाळ्यात पक्ष्यांचे फोटो टाकतो आणि खाली त्यांचा वर्गांकही देतो.

आणि दर तीन-चार महिन्यांनी एक शाप येतो. पिवळसर कागदाचं चित्र, त्यावर जुन्या वळणाची इंग्रजी अक्षरं. बार्सिलोनाच्या एका मठातल्या ग्रंथालयात हा मजकूर लावलेला होता, असं त्याबरोबर सांगितलेलं असतं. आशय असा, की जो पुस्तक चोरेल, किंवा उसनं नेऊन परत करणार नाही, त्याच्या हातात त्या पुस्तकाचा साप होवो. त्याला लकवा भरावा, किड्यांनी त्याला आतून कुरतडावं आणि शेवटी तो नरकात जावा, अशी पुढची यादी आहे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ‘आमच्या दंडाच्या रकमेपेक्षा हे बरं,’ असं कोणीतरी हमखास लिहितं.

या शापाची वंशावळ लावावी असं मला वाटलं, ते सवयीनं. दाखला नसलेला मजकूर समोर आला की आमच्या हाताला खाज सुटते. ती वंशावळ बार्सिलोनाला गेलीच नाही. ती गेली अमेरिकेत, तिथून वाकडी वळून बडोद्याला आणि लाहोरला, आणि मी जिथं काम करतो त्या शहरापर्यंत आली. वाटेत एक प्रश्नही उभा राहिला. ग्रंथपालानं कशावर हसावं आणि कशाबद्दल गप्प बसावं?

शाप बनावट आहे. तो 1909 साली अमेरिकेत छापलेल्या एका लहानशा पुस्तकातून आला. ‘द ओल्ड लायब्ररियन्स अल्मनॅक’ हे त्याचं नाव. 1773 साली न्यू हेवनमध्ये छापलेल्या एका दुर्मीळ पुस्तिकेचं हे पुनर्मुद्रण आहे, असं त्यावर म्हटलं होतं. मूळ लेखक म्हणून जेरेड बीन नावाचा एक जुना ग्रंथपाल दाखवला होता. ही पुस्तिका कधीच नव्हती आणि जेरेड बीनही नव्हता. सगळं लिहिलं होतं एडमंड लेस्टर पिअर्सन या तरुण ग्रंथपालानं. पिअर्सन 1906 पासून ‘बोस्टन इव्हनिंग ट्रान्सक्रिप्ट’ या दैनिकात ‘द लायब्ररियन’ नावाचं सदर लिहीत होता आणि ते त्यानं 1920 पर्यंत चालवलं. वाचकांचे विक्षिप्त प्रश्न, नियमांचा अतिरेक करणारे सहकारी, समित्यांच्या बैठका, नव्या पुस्तकांवरची मतं, असा त्यातला माल. आज आमच्या गटांवर जे चालतं ते हा माणूस शंभर वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात, दर आठवड्याला, सही घालून करत होता.

पिअर्सनची गंमत अशी साधली, की काही परीक्षकांनी पुस्तक खरं मानून त्यावर गंभीरपणे लिहिलं. त्यांचा फार दोष काढता येत नाही. जेरेड बीन हा माणूस ग्रंथपालांना ओळखीचा वाटतो. त्याला पुस्तकं प्रिय आहेत आणि वाचक नकोसे आहेत. सगळी पुस्तकं कपाटात, दाराला कडी आणि आत आपण एकटे, हे त्याचं सुख. त्याच काळात हार्वर्डच्या एका जुन्या ग्रंथपालाबद्दल एक किस्सा सांगितला जाई. तो लगबगीनं निघालेला असतो, कोणीतरी विचारतं कुठे, तर तो आनंदानं सांगतो की दोन सोडून सगळी पुस्तकं जागेवर आहेत, ती दोन प्रोफेसर आगासींकडे आहेत आणि तीच आणायला मी निघालो आहे. पिअर्सननं या वृत्तीला नाव, गाव आणि साल दिलं. शाप हा त्याच वृत्तीचा शेवटचा टप्पा होता. पुस्तक बाहेर गेलं याचं दुःख इतकं, की नेणाऱ्याला नरकच हवा. पुढे पिअर्सन न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत प्रकाशनांचं काम पाहू लागला, खुनांच्या खऱ्या खटल्यांवर लिहू लागला, आणि 1937 मध्ये वारला. शाप मात्र त्याच्या नावापासून सुटला. विनोद म्हणून लिहिलेला मजकूर मध्ययुगीन पुरावा म्हणून फिरू लागला.

हा शाप इतका सहज पटला त्याचं आणखी एक कारण आहे. पुस्तकचोराला शाप देण्याची चाल युरोपातल्या हस्तलिखितांत खरोखरच होती. आपल्याकडेही पोथीच्या शेवटी लेखनिक काही ओळी जोडत असे. त्यांत दोन-तीन ठरलेले भाव येतात. समोरच्या पोथीत जसं होतं तसं मी उतरवलं, चूक असली तर दोष माझा नाही. पाठ मोडली, मान आणि कंबर वाकली, नजर खाली खिळली, इतक्या कष्टानं लिहिलं आहे, तेव्हा जपून वापरा. आणि तिसरा भाव, ज्यात पोथी स्वतःच बोलते: मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. मी या ओळी पहिल्यांदा समजून घेतल्या तेव्हा हसलो, आणि आपोआप माझा हात मानेच्या मागे गेला. दिवसभर तालिका भरणाऱ्या माणसाला ती मान ओळखीची असते. फरक एवढाच, की आपला लेखनिक चोराला नरकात पाठवण्याऐवजी स्वतःच्या कंबरेची तक्रार करतो.

मराठी वाचकाला इथे महानुभावांची आठवण होईल. त्यांनी मूर्खाच्या हाती न देण्याचा आग्रह थेट लिपीतच उतरवला. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जात, म्हणून शतकानुशतकं ते बाहेरच्यांना वाचताच येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या लिपीचं कुलूप उघडलं. यातले भावे म्हणजे 1893 मध्ये ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू करणारे. ग्रंथालयाचा संस्थापकच कुलूप उघडायला पुढे व्हावा, हे मला फार शोभून दिसतं. हाच पंथ पंजाबातही पोचला होता आणि तिकडे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणत. मराठी ग्रंथ सांकेतिक अक्षरांत लपून पाच नद्यांच्या मुलखात आले, त्या मानानं माझी बदली फारच उघड्यावर झाली.

आता न्यू हेवनकडे परत जाऊ, कारण इथे इतिहासानं स्वतः एक विनोद केला आहे. पिअर्सननं आपला खोटा ग्रंथपाल न्यू हेवनमध्ये बसवला, वाचकांना दाराबाहेर ठेवणारा. पुस्तक निघालं 1909 मध्ये. त्याच न्यू हेवनच्या ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’चा खरा ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, जहाजात बसला आणि बडोद्याला आला. सयाजीराव महाराजांनी त्याला बोलावलं होतं, ते दारं उघडण्यासाठी. संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं होतं. शिकलेली माणसं वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरतील, ही महाराजांची काळजी. बोर्डननं तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तकं यांची घडी बसवली आणि स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. 1913 मध्ये तो परत गेला.

त्या कामातून 1912 मध्ये एक त्रैमासिक निघालं, ‘लायब्ररी मिसलेनी’. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. आज बहुभाषिक नियतकालिकाच्या मराठी विभागात लिहिताना मला हे सांगायला आवडतं, की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी असंच एक नियतकालिक चालवलं होतं आणि त्यात मराठीला स्वतःची पानं होती. बडोद्याच्या या चळवळीचा पसारा पुढे सांभाळणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. 1919 मध्ये त्यांनी या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. कुडाळकरांचं नाव आज ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत दोन गुणांपुरतं येतं. जेरेड बीनचा शाप मात्र लाखो लोक वाचतात.

बडोद्यात आणखी एक माणूस होता, ज्याच्याशिवाय हा लेख मराठीत पुरा होणार नाही. चिंतामण विनायक जोशी हे पालीचे अभ्यासक आणि प्राध्यापक. पुढे ते बडोदा संस्थानच्या दप्तरखात्याचे प्रमुख झाले. म्हणजे दिवसा जुने कागद, रुमाल, याद्या आणि नोंदी. आणि तोच माणूस चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा जनक. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ 1933 मध्ये आलं. दप्तरात बसणारा माणूस इतका हसरा कसा, असं अनेकांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्याच्या हातातून रोज शेकडो अर्ज, तक्रारी आणि खुलासे जातात, त्याला माणूस स्वतःच्या मोठेपणाबद्दल किती गंभीर असतो ते दिसतं. चिमणराव हसू आणतो तो स्वतःची फजिती सांगून. दप्तरात ज्यांचे कागद होते त्यांपैकी कोणाला त्यानं उघडं पाडलं नाही. ही गोष्ट मी बाजूला काढून ठेवतो, ती पुढे लागणार आहे.

जोशी जन्मले 1892 मध्ये. त्याच वर्षी तमिळनाडूत शियाळी गावी शि. रा. रंगनाथन जन्मले, ज्यांच्या नावानं आपण 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळतो. रंगनाथन गणिताचे अध्यापक होते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर 1924 मध्ये शिकण्यासाठी लंडनला गेले आणि तिथल्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली. त्याच पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडून वेगवेगळी खेळणी होतात, तर तेच घटक वेगवेगळे जोडून विषयांचे अंक का होणार नाहीत? त्यातून 1933 मध्ये कोलन वर्गीकरण छापून आलं. त्याआधी 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी आहेत, हा त्यांतला पहिला. परीक्षेसाठी हे नियम पाठ करणाऱ्या मुलांना मी नेहमी मूळ पुस्तक उघडायला सांगतो. त्यात नियम चक्क पात्रं होऊन बोलतात, एकमेकांशी वाद घालतात. ही गंभीर शास्त्राच्या पुस्तकातली नाटुकली आहेत. रंगनाथनना ठाऊक होतं, की कडी लावून बसलेल्या जेरेड बीनला नुसत्या युक्तिवादानं हलवता येत नाही, त्याला थोडं हसवावं लागतं.

आता लाहोर. चंदीगडमधल्या ग्रंथपालांची वंशावळ तिथूनच निघते. 1915 मध्ये पंजाब विद्यापीठानं आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. हे मेल्व्हिल ड्यूईंच्या परंपरेत शिकलेले. लाहोरला येण्याआधी त्यांनी मुलांसाठी ख्रिसमसच्या गोष्टींचा एक संग्रह संपादित केला होता आणि पुढच्या आयुष्यात उत्तम पुस्तकांच्या याद्या करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. लाहोरात ते जेमतेम वर्षभर राहिले. तेवढ्यात विद्यापीठाचं ग्रंथालय दशांश पद्धतीनं लावायला घेतलं, ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला आणि 1916 मध्ये ‘पंजाब लायब्ररी प्रायमर’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. त्या वर्गातून आलेले के. एम. असदुल्ला पुढे कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि 1933 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचं चिटणीसपद त्यांनी सांभाळलं. डिकिन्सननी पंजाबला दिलेल्या दशांश पद्धतीत पंजाबी साहित्य 891.42 वर बसतं आणि मराठी 891.46 वर. मधे हिंदी, बंगाली, असमिया, ओडिया. कपाटात ही जेमतेम दोन हातांची वाट आहे. रेल्वेनं मात्र मला दीड दिवस लागतो.

1947 मध्ये ही सगळी मांडणी मोडली. विद्यापीठ दुभंगलं. मूळ वास्तू आणि मुख्य ग्रंथालय लाहोरात राहिलं. भारताच्या बाजूला 1 ऑक्टोबर 1947 रोजी नवं विद्यापीठ कागदावर उभं राहिलं, त्याची कचेरी सोलनला थाटली गेली. विभाग होशियारपूर, जालंधर, दिल्ली असे मिळेल तिथे विखुरले. दिल्लीत निर्वासित विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळचं ‘कॅम्प कॉलेज’ चालवलं गेलं. 1956 पासून विद्यापीठ चंदीगडला स्थिरावू लागलं, सेक्टर 14 मध्ये. आज तिथल्या ग्रंथालयाला तेव्हाचे कुलगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अ. चं. जोशी यांचं नाव आहे. चिं. वि. जोशींशी नात्याचा संबंध नाही. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, म्हणून आधीच सांगितलं.

फाळणीच्या ग्रंथालयांबद्दलही एक विनोद फिरतो. ‘फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट’ या 1975 च्या गाजलेल्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड एक आड एक वाटले गेले. शब्दकोश मधोमध फाडून पहिला अर्धा भारताला आणि दुसरा पाकिस्तानला दिला. एकच प्रत असलेल्या कादंबऱ्यांवरून ग्रंथपाल हातघाईवर आले. आमच्या गटांवर ऑगस्ट आला की ही गोष्ट येते आणि लोक हसतात.

पिअर्सनच्या शापामागे हिंडल्यावर मी या गोष्टीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. ती फार नेटकी आहे. बांधलेला शब्दकोश मधोमध फाडणं हे ज्यानं शिवण आणि सरस पाहिला आहे त्याला सहज पटत नाही. आणि वाटणी करणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंना निरुपयोगी अर्धे का द्यावेसे वाटतील? तेव्हा ती मी पुराव्याच्या कपाटात ठेवत नाही, लोककथेच्या ठेवतो, 398 खाली. पण फेकूनही देत नाही. फाळणीत माणसांचं जे झालं ते सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून लोकांनी शब्दकोशाला पुढे केलं असावं. मधोमध फाटलेल्या कोशाचं चित्र खोटं असलं तरी, ज्यांची घरं तिकडे राहिली त्यांना ते ओळखता येतं. माझी हरकत विनोदाला नाही. त्याच्यावर दाखला क्रमांक टाकून त्याला इतिहासाच्या कपाटात ढकलण्याला आहे. कारण मग ज्यांनी खरोखर खोके बांधले, यादी करत बसले, सोलनच्या थंडीत पुन्हा पहिल्या क्रमांकापासून नोंदवही सुरू केली, त्यांच्यासाठी कपाटात जागा उरत नाही. त्यांच्या कामात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते कोणी पुढे पाठवलं नाही.

असंच एक ग्रंथालय आजही चंदीगडमध्ये आहे, सेक्टर 15 च्या लाजपतराय भवनात. द्वारकादास ग्रंथालय त्याचं नाव. ते लाला लजपतराय यांच्या पुढाकारानं लाहोरात 1920 च्या दशकात उभं राहिलं आणि फाळणीनंतर अखेर इथे आलं. लाहोरच्या दिवसांत राजाराम शास्त्री नावाचा तरुण तिथे ग्रंथपाल होता. नॅशनल कॉलेजात शिकलेला एक मुलगा तिथे सतत येई आणि पुस्तकांचा फडशा पाडी. तो भगतसिंग. शास्त्री पुढे कानपूरला कामगार चळवळीत गेले, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी हिंदीत आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत ते सांगतात, की अराजकवादावरच्या एका पुस्तकात फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हायाँचं कोर्टातलं निवेदन भगतसिंगाला सापडलं. हा व्हायाँ म्हणजे 1893 मध्ये फ्रेंच संसदेत बाँब टाकणारा. ते निवेदन वाचून भगतसिंग अक्षरशः हरखून गेला.

आता पुढचं आठवा. 8 एप्रिल 1929 रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले आणि पत्रकं भिरकावली. बहिऱ्यांना ऐकू जाण्यासाठी मोठा आवाज लागतो, अशा आशयानं पत्रकाची सुरुवात होती, आणि त्यात व्हायाँचा उल्लेख होता. 23 मार्च 1931 रोजी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम राजगुरू लाहोरात फाशी गेले.

ग्रंथपाल म्हणून मला या हकिकतीत बाँबपेक्षा एक दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. एखादं पुस्तक वाचून वाचक हरखतो, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात गोड गोष्ट. आज असं घडलं तर त्याच संध्याकाळी ती गटावर येईल. ‘आज एक मुलगा अमुक पुस्तक वाचून उड्याच मारायला लागला,’ असं कोणीतरी प्रेमानंच लिहील. शास्त्रींनी ती तेव्हा गमतीनं चारचौघांत सांगितली असती, तर तो किस्सा 1929 नंतर किस्सा राहिला नसता. तो साक्ष झाला असता. ती गोष्ट आपल्यापर्यंत आठवण म्हणून पोचली, कारण ती सांगण्याची वेळ ग्रंथपालानं निवडली, आणि तोवर ती कोणाला इजा करणार नव्हती.

इथे मला चिं. वि. जोशींची ती बाजूला ठेवलेली गोष्ट लागते. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाचा विनोद स्वतःवर असावा, नियमांवर असावा, वाळवीवर, समितीवर, वर्गांकावर असावा. पोथीच्या लेखनिकानं स्वतःच्या मानेवर केला, पिअर्सननं स्वतःच्या जातीच्या खडूस ग्रंथपालावर केला, रंगनाथननी नियमांनाच रंगमंचावर उभं केलं. वाचक मात्र त्या विनोदात येतो तो नाव, चेहरा आणि चिठ्ठी गळून पडल्यावरच. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मागणारा माणूस चालेल, कारण तो आपण सगळेच असतो. अमुक गल्लीतल्या मुलीनं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं, ही गोष्ट चालणार नाही, मग ती कितीही हळुवारपणे सांगितलेली असो. परत आलेल्या पुस्तकातल्या विजेच्या बिलाचा फोटो टाकताना त्यावरचं नाव अंगठ्याखाली झाकलेलं असावं. मी ज्या गटांत आहे तिथे हे आता बोललं जातं, आणि तरुण सहकारी ते पटकन समजून घेतात.

पूर्वी पुस्तकाच्या आतल्या खिशात कार्ड असे आणि त्यावर आधीच्या वाचकांचे क्रमांक दिसत. वीस वर्षांपूर्वी कोणी काय वाचलं ते पुढचा वाचक उत्सुकतेनं बघे. त्या कार्डांवर आमच्या गटांत हळहळीचे संदेश येतात आणि मलाही ती आवडत. आता सगळं संगणकात असतं आणि कोणत्या खात्यावर कोणतं पुस्तक कधी गेलं, ते ठेवायचं की पुसायचं, हे ठरवता येतं. ते ठरवण्याची बैठक कंटाळवाणी असते, तिच्यावर कोणी विनोद करत नाही. मी मात्र अशा बैठकीला वेळेवर जातो आणि दर वेळी एकच म्हणणं मांडतो: पुस्तक परत आलं, दंड असेल तो भरला, की वाचकाचं नाव त्या पुस्तकापासून सोडवा. लाहोरातल्या त्या मुलानं पुस्तकाचा फडशा पाडला होता, एवढं पुस्तकाला कळलं तरी पुरे. कोणी पाडला, हे ग्रंथपालाच्या पोटात राहू द्या.